तेरावं कवठ

हॅलो? … हॅलो, मुंबई? … डोंगरे, मी बापूजी, चांद्याच्या दवाखान्यातून … हो, तोच, होस्टेलात तुझा चहा पिऊन टाकणारा. सकाळी दहाला ट्रंक कॉल लावला, आता एक वाजता लागला … तब्येत बरी आहे माझी. ऐक ना बे!

तुझा डॉक्टर मुखरू बोरकुटे. मेंदूची सर्जरी शिकणारा. तूच धाडला ना इकडे तीन महिने … हो, हुशार आहे. नम्र तर इतका, खुर्चीलेही विचारून बसते. … अरे, ऐक! मोहर्लीकडचा लच्छू. सागाचं झाड पाडताना फांदी डोक्यात बसली. बैलगाडीत बोलत आला, मले तंबाखू मागितली. आता हाक मारली तर ओ नाई. उजव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली … हो, आत रक्त साचून राह्यलं, तेवढं मलेही कळते. कवटीले भोक पाडलं तर वाचेल … हत्यार आहे. तूच देल्लं त्याच्यासंगं.

त्याच्या ट्रेनिंगच्या वहीत तुझी सही आहे, 'कवटीला भोक पाडणे: उत्तम.' म्हणून मी बिनघोर. अन् हात धुतल्यावर हा म्हणते, सर, मी आजवर दिवा धरला … दिवा! बासष्ट ऑपरेशनं, बासष्ट वेळा दिवा … उत्तमच धरला असेल, मी कुठी नाई म्हणतो? पण मार्क भोकाचे काऊन दिले? … सगळ्यांलेच देतोस? मग भोकं पाडते कोण? … तूच. बासष्टही. … जोखीम नको म्हणून. हां.

मी? माझे हात पाहिले नाईस तू एवढ्यात. कप धरला का बशी वाजते. … मोठ्या दवाखान्यात न्यायले रेल्वे संध्याकाळी आहे, डोंगरे. तोवर नाई टिकत तो.

मुखरू? मागच्या अंगणात कवठावर हात बसवून राह्यला. टरफल फुटलं पायजे, गर हलला नाई पायजे. बारा झाले. बाराही वेळा हत्यार गरात घुसलं. म्हणते, थांबायचं केव्हा, तेवढं सरांले विचारा, मग करतो … सांग, केव्हा? … 'हातालाच कळतं'? कोणाच्या हाताले, बे?

एक्स्चेंजवाल्या ताई, तीन मिनिटं झाली, ठाऊक आहे. आणखी तीन द्या. … हां, बोल लवकर. हाडाची कुरकुर बदलते … मग जोर काढायचा … फिरवणं सावकाश … लिहिलं. मुखरू! अरे ओ मुखरू, इकडे—

एक मिनिट. नर्सबाई आल्या. … काय झालं, अन्नपूर्णाबाई? …

… केव्हा?

… आहे, आहे मी फोनवर. … नाई. आता घाई नाई.

सोनीबाई, लच्छूची बायको, व्हरांड्यात बसली आहे. मुंबईचा मोठा डॉक्टर फोनवर आला म्हणजे नवरा वाचला, असं वाटते तिले. … काय म्हणतोस? वही? … वही परत धाडू, दुरुस्ती करून देतोस? … कर ना बाबा. निवांत कर.

थांब, मुखरू आला. धावत आला. हातात कवठ आहे, तेरावं. … नाई, त्याले अजून कोणी सांगितलं नाई. हसून राह्यला … भोक साफ आहे रे, डोंगरे. गरावर ओरखडासुद्धा नाई. म्हणते, सर, चला, आता जमते …

डोंगरे, तूच बोल याच्याशी. … डोंगरे? … हॅलो? … हॅलो?