पन्नासच्या लेन्सनं मोठ्या बाबांना धुरकट केलं

एकच लेन्स घ्यायची तर पन्नास एमएमची घे, असं तुम्ही फोटोवाले सगळ्यांना सांगत सुटता, तर आधी माझं ऐका. सेलूला एका साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, फोटो काढायला गेलो होतो. नेमकी लाइट गेली आणि भर दुपारी खोलीत अंधार झाला. मी झूमची लेन्स बाजूला ठेवून पन्नासची लावली. तिचं छिद्र पूर्ण उघडलं की खिडकीतून येतो तेवढा उजेड पुरतो, फ्लॅश लागत नाही. फक्त तिला झूम नाही, म्हणून घरातली सगळी माणसं एका फोटोत घ्यायला मागे सरकत सरकत मी अंगणातल्या चपलांत जाऊन उभा राहिलो.

चार दिवसांनी फोटो घेऊन गेलो. नवरा-नवरी एकदम स्वच्छ आलेले, घरचे खूश. नवरदेवाचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मात्र जोडीच्या प्रत्येक फोटोत धुरकट. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मलेच काऊन पुसलं रे बाप्पा?"

मी म्हटलं, "पुसलं नाई, मोठे बाबा. हे लेन्स अंधारात चांगली चालते, पण एकाच अंतरावरचं साफ दाखवते. तुम्ही जोडीपासून हातभर मागं सरकून बसले होते."

मोठ्या बाबांनी फोटो पालथा ठेवला.

"मंग तुले कोनं सांगतलं, का मले हे सोयरीक पसंत नव्हती म्हून?"

नवरदेवाची आई चहा ओतता ओतता थांबली. घरात तोवर हे कोणालाच माहीत नव्हतं.