दोन टाइलचा बाक

ताई : आणि गिऱ्हाइकाच्या यादीत हे काय? "फुटपाथ उजळ करा." फुटपाथ काय गोरा करायचाय?

धाकटा : करड्याची एक छटा हलकी कर, झालं. पुढचं बघ.

ताई : "कचराकुंडी भरलेली नको." केली रिकामी. "भिंतीवरचे ओघळ काढा." काढले. "पुलाखालची जमीन मोकळी दिसते, तिथे टोकदार दगड बसवा." टोकदार दगड कशाला, छोट्या?

धाकटा : गेममध्ये आधुनिक शहर दाखवायचंय त्यांना. सोबत फोटो पाठवलेत बघ. मोठ्या शहरांत असतंच तसं.

ताई : पाहिले फोटो. पुलाखाली दगड, दुकानाच्या पायरीवर खिळे, खिडकीचा कट्टा उतरता, म्हणजे कुणी टेकलं की घसरावं. अख्ख्या शहरात बूड टेकायला जागा नाही आणि खाली लिहिलंय, "स्वच्छ आणि सुबक."

धाकटा : गेम आहे ताई. तिथे खरंच कुणी बसणार नाहीये.

ताई : मग खिळे कुणासाठी?

धाकटा : हे बघ, चार वाजता नकाशा पाठवायचाय. चित्रांच्या तीनशे चौकोनी टाइल तू काढल्यास, मी चौकोनाला चौकोन जोडून शहर उभं केलं. सहा महिने गेले त्यात. आता एका बाकासाठी अडून बसू नकोस.

ताई : बाकाचं मी अजून बोललेच नाही.

धाकटा : सकाळपासून तोच उघडून बसली आहेस. मला काय दिसत नाही?

ताई : मग शेवटची सूचना तूच वाच. मोठ्याने.

धाकटा : "बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा हवा. बाकावर आडवी झालेली माणसं नकोत. स्क्रीन घाण दिसते."

ताई : घाण.

धाकटा : त्यांचा शब्द आहे. माझा नाही.

ताई : फोनवर "हो साहेब" म्हणालास, तो तुझा होता.

धाकटा : गिऱ्हाइकाला दुसरं काय म्हणतात? हे काम गेलं तर आपल्या ऑफिसला कुलूप लागेल, तुला ठाऊक आहे. आणि मागतात तरी काय? दोन टाइलचा बाक, त्याच्या जोडावर चार काळे ठिपके. तुला नको तर मी टाकतो. सरक, माऊस दे इकडे.

ताई : घे. पण आधी एक ऐक. आई गेली त्या दिवशी दुपारी तू फोन केला होतास.

धाकटा : ते आता कशाला?

ताई : काय विचारलं होतंस?

धाकटा : खाट मिळाली का म्हणून. तू म्हणालीस, आडवी झालीये, ठीक आहे, तू मीटिंग आटप.

ताई : खाट मिळालीच नव्हती. आम्ही बाहेर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात होतो. बाकावर.

धाकटा : आडवी झालीये म्हणालीस तू.

ताई : कशी होईल? मधे दांडा होता. नवा चकचकीत बाक आणि मधोमध दांडा. चार तास तिला बसती धरून ठेवली मी. ती म्हणते कशी, "मधे कुंपण कशाला गं? आपण काय भांडलेल्या शेजारणी आहोत?" हसलीसुद्धा. मग मान टाकायला लागली, तेव्हा त्या दांड्यावरूनच ओढून मांडीवर घेतली तिला. संध्याकाळी नर्सने कपडे बदलले, तेव्हा कुशीवर वळ दिसला. बोटभर रुंद. तो घेऊनच गेली ती.

धाकटा : आठ महिने झाले, ताई. मला सांगितलं का नाहीस?

ताई : तू याच लोकांकडे बसला होतास तेव्हा. हेच काम मिळवायला. म्हटलं, एकाचं तरी सुरळीत होऊ दे. आता या कामाची किळस येते मला. आणि माझीही येते. पहिल्या दिवशी बाक रंगवायला घेतला ना, तर हातून आपसूक दांडाच उमटला. बाक म्हटल्यावर तोच आठवला. मग पुसला आणि कुणाला बोलले नाही.

(माऊस टेबलावर तसाच पडून राहतो.)

धाकटा : आपला उभा माणूस किती टाइलचा आहे गं?

ताई : दोन. तूच ठरवलंस.

धाकटा : म्हणजे आडवा झाला की बाक भरला.

ताई : काठोकाठ.

धाकटा : बाक तीन टाइलचा कर. मी नकाशात शेजारची कचराकुंडी सरकवतो.

ताई : आणि दांडा?

धाकटा : आपल्याकडे दांड्याची टाइल नाही. साहेबांना तसंच कळवतो. दगड आणि खिळ्यांचंही.

ताई : काम जाईल, छोट्या.

धाकटा : जाईल बहुतेक. तू बाक कर.

ताई : पण तीन कशाला? दोनात मावतोय की माणूस.

धाकटा : उशाशी बसणारीला नको का जागा?