मालकाची परवानगी

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात संघप्रिया आपल्या प्रिंटरसाठी ताटकळत बसली होती. तिच्या आधी राधानगरीहून आलेल्या एका बाईंचा नंबर लागला. पिशवीतला लॅपटॉप त्यांनी दुकानदारापुढं ठेवला.

"आमच्या ह्यांनी म्हशीला मारल्याली हाक ह्यात भरून ठेवल्याली. माझ्याच हातनं पुसली गेली. ती ऐकल्याबिगर म्हस पान्हा सोडत न्हाय."

"निघंल मावशी, पर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकाय लागंल. ते पुरा अधिकार मागतंय. एकदा दिला की आत काय बी करंल. बाकीचं हाय ते बी जाईल."

"आन् न्हाय टाकलं तर?"

"मग हाक गेलीच समजा. मालकाला इचारून सांगा."

"मालक दिवाळीतच गेलं की."

"तसं न्हवं, मावशी. लॅपटॉपचा मालक म्हणतोय मी. परवानगी द्यायला हितं एकच नाव हाय. संयोगिता."

"ते माझं नाव हाय."

"मग मालक तुम्हीच की!"

"मला कधी बोललं न्हाईत ते."

प्रिंटर तयार असल्याची हाक आली, तरी संघप्रिया उठली नाही.

"काय करू मावशी? हो दाबू?"

"थांबा की जरा. त्यांना इचारल्याबिगर मी कधी कशाला हो म्हटल्यालं न्हाय."