उमादेवी हुडगे यांच्या मोटारीच्या पुढच्या दाराचे कुलूप काढल्याबाबत

मी केरबा भीमा सोनकांबळे, वय ४४ वर्षे, धंदा कुलूप-किल्ली दुरुस्ती, मूळ राहणार मुदखेड जि. नांदेड, हल्ली मुक्काम लातूर, समक्ष हजर राहून सांगतो की,

बुधवार दि. १४ मे १९८६ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास मला सरजाबाई बोलवायला आली. ती आडत व्यापारी माणिकप्पा हुडगे यांच्या घरी कामाला आहे. मी हत्यारे घेऊन गेलो. गल्लीत टँकर आलेला असल्याने सर्व लोक घागरी घेऊन तिकडे होते.

अंगणात अँबेसिडर गाडी होती. माणिकप्पा यांची पत्नी उमादेवी यांनी गाडीची नवीन किल्ली करण्यास सांगितले. मी म्हणालो, "अक्का, मालकाला इचारलं का?" त्या म्हणाल्या, "ते सोलापूरला गेलेत, किल्ल्या खिशात घालून. उदगीरच्या पुढं माझं माहेर हाय. आई सकाळपासून बोलंना झाली, असा निरोप आलाय. तिकडं दिवसाला एकच एसटी, ती रात्री पोचती. चार वर्षं झाली, यांनी मला माहेरी जाऊ दिलं न्हाई."

मी कागद मागितले. गाडीच्या पुस्तकावर मालक म्हणून उमादेवी यांचे नाव होते. लातूर जिल्हा वेगळा होण्याआधीचा, जिल्हा उस्मानाबाद असा जुनाच शिक्का होता. पुस्तक पाहून मी कामाला लागलो.

मागचे दार उघडे होते. आतून जाऊन मी ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले, आतला पत्रा सोडवला व कुलूप बाहेर काढले. त्यावरून कोरी किल्ली कानशीने घासली. पाऊण तास लागला. तेवढा वेळ उमादेवी शेजारी उभ्या होत्या. त्याच किल्लीने गाडी चालू झाली. कुलूप परत बसवतो म्हणालो, तर त्या "ऱ्हाऊ द्या" म्हणाल्या व स्वतः गाडी चालवत गेल्या. त्यांना गाडी येते हे मला ठाऊक नव्हते. ते कुलूप मी आज हजर केले आहे.

दुपारी माणिकप्पा परत आले व माझ्या टपरीवर आले. बाई कुठे गेली, असे त्यांनी मला तीन वेळा विचारले. नंतर त्यांनी गाडी चोरीस गेल्याची व मी चोरीस मदत केल्याची तक्रार दिली.

काल शुक्रवारी उमादेवी गाडी घेऊन परत आल्या. मी आईची विचारपूस केली. त्या म्हणाल्या, "भेट झाली. वळखलं मला. माझ्याच हातानं पाणी पिली." आई गुरुवारी पहाटे वारली.

माणिकप्पा यांनी विचारले तेव्हा "मला म्हाईत न्हाई" असे मी तिन्ही वेळा सांगितले. ते खोटे होते. त्या माहेरी गेल्या हे मला माहीत होते. ते मागून जीप घेऊन निघाले असते, म्हणून सांगितले नाही. हे मला कोणी विचारलेले नाही, मी आपण होऊन सांगत आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून ऐकवला. तो मी बोललो तसाच लिहिलेला आहे व खरा आहे.

लातूर, दि. १७ मे १९८६
सही — केरबा भीमा सोनकांबळे