म्हशीनं खाल्लेल्या गोळ्या

माझं माहेर जळकोटचं आन् सासर ढोकीजवळचं, आन् काय सांगू तुम्हाला, लगीन होऊन आले तवा हिरीला पानी न्हाय, मग आमी नवराबायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो, तिथंच माझं पहिलं पोट पडलं. पुढं मालकाला कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचं काम लागलं, जरा बरे दिस आले, तर दुसरंबी तसंच गेलं. लोक म्हनायचे हिनं वझं उचललं, हिनं पपई खाल्ली. अवो, दुष्काळात पपई व्हती कुठं? दिसली असती तर म्या सालीसकट खाल्ली असती!

तिसऱ्या वक्ताला दिस गेले तसं मालकानं ढोकीच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. बाई म्हनल्या, ह्या हार्मोनच्या गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, बघू पोटाला आधार होतो का. आता आमच्या आत्या, म्हंजी माझी सासू, लई जबरी बाई. गोळ्या तिनं आपल्या ताब्यात घेतल्या, म्हनली तू इसरशील. सकाळची गोळी मिळायची, संध्याकाळची न्हाय. इचारलं तर म्हनायची, पुरं एक, दोन घेतल्या की गरमी व्हती.

एक दिवस तिनीसांजंला गोठ्यात गेले तर आत्या गुळाच्या खड्यात माझी गोळी दाबून म्हशीला चारतीय! आमची म्हैस मागल्या साली गाभडली व्हती, मेलं रेडकू टाकलं व्हतं तिनं, आन् औंदा ती पुन्ना गाभण हाय आसं आत्यानं धरलं व्हतं. म्या वरडले, आत्या, अवो ही माझी गोळी! तर कशी म्हनती, तुलाच एकटीला टिकवायचंय व्हय, ती बी बाईच हाय की.

म्या रडले, मालक तिच्यावर चिडले, आन् दुसऱ्या दिशी मला रक्ताचा डाग दिसला. बैलगाडीत वाकळ टाकून मला नेलं, आत्या बी चढून बसली. डॉक्टरीणबाईनं तपासलं, म्हनल्या, आहे, पोट अजून टिकून आहे. तवा आत्यानं हळूच इचारलं, बाई, मग म्हशीला रोज किती द्याव्या? बाई एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले.

मग म्या इचारलं, बाई, खडी फोडली म्हनून गेली का वो माझी आधीची? त्या माझ्याजवळ बसल्या. न्हाय गं, म्हनल्या, पुष्कळदा गर्भच नीट धरलेला नसतो, तुझी काही चूक न्हाय. आन् ह्या गोळीचीबी हमी न्हाय, टिकलं तर गोळीनं टिकलं का आपसूक, मलासुद्धा सांगता यायचं न्हाय. गोळीचं जाऊ द्या, त्या बोलन्यानं माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

पुढं गुरांचा डॉक्टर आला, म्हशीला तपासून म्हनला, मावशी, गाभण कुठली, ही तर गुळानं सुटलीय! सगळ्या पंचक्रोशीत जनावरांची हाडं मोजून घ्यावी आन् आमची म्हैस तेवढी गरगरीत. आत्या लई दिस त्या म्हशीशी बोलली न्हाय.

मला लेक झाली. आत्या तिला मांडीवरून खाली ठेवीना, पाजायला बी मला मागून घ्यावी लागायची. आता आत्या न्हाय, मालक न्हाय, लेक सोलापूरला नांदतीय, तिच्या घरी पोरं हायती. म्या हितं ओट्यावर बसते, गावातल्या नव्या सुना येतात, जिचं पोट पडलं ती खाली बघून बोलती. म्या तिची हनवटी वर धरते. ज्यांचं टिकलं ते सुखात ऱ्हावोत, आन् न्हाय टिकलं त्याचा बोल कुन्या बाईला लागू नये, दुसरं काय मागायचं म्या.