शून्य देवघेव

भाची : तुला खोटं बोलायचंच नाहीये गं मावशी. फक्त ‘आठवत नाही’ म्हणायचं. एवढंच.

मावशी : बत्तीस वर्षं ज्या लायब्ररीत काढली, तिथलं पुस्तक आठवत नाही म्हणू? माझे गुडघे गेलेत, डोकं नाही.

भाची : तुझं वय झालंय. कुणाला नवल वाटणार नाही.

मावशी : वा! म्हातारपणाचा एक तरी उपयोग झाला म्हणायचा. बस आधी. उभ्यानं काय बोलतेस पाहुणीसारखी? चहा ठेवू?

भाची : नको.

मावशी : मग पहिल्यापासून सांग. तुमच्या मोठ्या बाई मला फोन कशासाठी करणार आहेत?

भाची : आज सहाच्या सुमारास करतील. विचारतील, ‘वरची कडी’ नावाचं पुस्तक तुमच्या वेळेला शाळेत होतं का.

मावशी : होतं की. हिरव्या पुठ्ठ्याचं. त्यातल्या पोरीचा बाप रोज पिऊन येतो, आणि ती आतून दाराची वरची कडी घालायला बघते, पण हात पोचत नाही. तेच ना?

भाची : तेच.

मावशी : मग फोन कशाला हवा? कपाटात बघावं.

भाची : कपाटात नाहीये. सुट्टीत निर्लेखन केलं मी त्याचं.

मावशी : निर्लेखन! रद्दीत घातलं म्हण ना सरळ. एवढा जड शब्द घेतला की हाताला रद्दीचा वास येत नाही, असं आहे का काही?

भाची : जागाच नव्हती, मावशी. तपासणी येणार होती. मोठ्या बाई म्हणाल्या, दोनशे जुनी पुस्तकं कमी करा, स्पर्धा परीक्षांचं कपाट बसवायचंय. आणि मी काही मनाला येईल तसं नाही केलं. निकष लावला. कॉम्प्युटरवरून यादी काढली. पाच वर्षांत एकदाही कुणी घरी नेलं नसेल, ते बाद. त्या पुस्तकापुढे स्वच्छ लिहिलेलं होतं, ‘शून्य देवघेव’.

मावशी : उघडून बघितलंस?

भाची : दोनशे पुस्तकं कुठं उघडत बसू?

मावशी : मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीची टिंबं होती.

भाची : ती होय? ती बऱ्याच पुस्तकांत आहेत. पोरांचा चाळा.

मावशी : पोरांचा नाही, माझा. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मी एक फेरी मारायचे. जे पुस्तक आपल्या जागेवर नाही, ते कुणीतरी तिथंच वाचलंय, असं समजायचं. त्याला एक टिंब. अगं, काही पुस्तकं पोरं काउंटरवर आणतच नाहीत. नाव सांगा, वर्ग सांगा, मागं रांग, रांगेतली कार्टी वाकून वाकून बघणार. मग ती उभ्याउभ्या वाचतात, मधल्या सुट्टीत, चार-चार पानं. आणि उद्या सापडावं म्हणून लपवतात. ‘वरची कडी’ नेहमी नकाशांच्या मागं असायचं. मी ते कधी जागेवर लावलं नाही. टिंब द्यायचं आणि परत नकाशांच्या मागंच ठेवायचं. तुझ्या त्या कॉम्प्युटरला कळणार आहे का हे?

भाची : मग चार्ज देताना सांगायचंस ना मला!

मावशी : हो. ते चुकलं माझं. किल्ल्या दिल्या, वह्या दिल्या, कपाटातली झुरळंसुद्धा दाखवली, आणि हे राहिलं.

भाची : राहिलं म्हणे.

मावशी : बरं, पुस्तक गेलं. पण मोठ्या बाईंना आज अचानक त्याची आठवण कशी झाली?

भाची : सोमवारी आठवी ब चा लायब्ररीचा तास होता. एक मुलगी काउंटरवर आली. सगळ्या वर्गासमोर म्हणाली, बाई, ‘वरची कडी’ कुठं ठेवलंत?

मावशी : नाव घेऊन? मोठ्यानं?

भाची : हो.

मावशी : बाई गं. केवढा धीर केला असेल पोरीनं. आणि तू काय म्हणालीस?

भाची : म्हणाले, असं पुस्तक आपल्याकडे कधी नव्हतंच.

मावशी : का?

भाची : निघून गेलं तोंडातून.

मावशी : उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पुढं?

भाची : ती म्हणाली, होतं बाई, मी सत्त्याण्णव पानापर्यंत आले होते. पोरं हसली. आणि मी... जाऊ दे ना.

मावशी : बोल.

भाची : मी म्हणाले, एवढं धडधडीत खोटं बोलायला लाज नाही वाटत तुला?

मावशी : चोराच्या उलट्या बोंबा.

भाची : वर्गशिक्षिका तिथंच होत्या. त्या तिला मोठ्या बाईंकडे घेऊन गेल्या. माफी लिहून घेतली आणि कागद माझ्याकडे दिला. उद्याच्या तासाला ती वर्गासमोर वाचायचीय. फक्त मोठ्या बाई म्हणाल्या, त्याआधी जुन्या ग्रंथपालांना एकदा विचारून घेते, उगाच पोरीवर अन्याय नको.

मावशी : चला, एवढ्या मोठ्या शाळेत एकीला तरी वाटलं. दाखल वहीत तर नोंद असेल ना पुस्तकाची?

भाची : आहे. लाल शाईनं रेघ मारलीय. पुढं माझीच सही.

मावशी : आणि तरी?

भाची : ती वही कुणी उघडत नाही.

मावशी : तू किती हिशेबानं आली आहेस गं. माफीचा कागद कुठाय?

भाची : पर्समध्ये.

मावशी : वाच.

भाची : मावशी...

मावशी : माझा चष्मा आत आहे आणि मला उठवत नाही. वाच.

भाची : ‘मी आठवी ब ची विद्यार्थिनी. मी बाईंना उलट उत्तर दिले. लायब्ररीत नसलेले पुस्तक आहे असे खोटे सांगितले. मी पुन्हा असे खोटे बोलणार नाही. बाईंनी मला क्षमा करावी.’

मावशी : रडत लिहिलं?

भाची : नाही. तेच तर. एका शब्दानं वाद घातला नाही. ‘माझंच चुकलं असेल’ म्हणाली आणि पेन घेतलं. अक्षर तर बघ किती नीट काढलंय.

मावशी : ज्या घरात रोज काहीतरी झाकायचं असतं, तिथल्या पोरांना ते चटकन जमतं. तुलाही जमायचं.

भाची : मला त्यात ओढू नकोस.

मावशी : ओढायला कशाला हवं? तू आहेसच. मला एक सांग. दोनशे पुस्तकांच्या यादीत हे नाव वाचलंस, तेव्हा काहीच वाटलं नाही तुला?

भाची : ते निकषात बसत होतं.

मावशी : मी निकष नाही विचारला.

भाची : सगळ्यात आधी त्याच्यावर खूण केली! झालं समाधान? यादी वरून वाचायला घेतलीच नाही मी. ते आहे का एवढंच शोधत खाली गेले. सापडलं, आणि सुटल्यासारखं वाटलं. शिपाईमामा गठ्ठे बांधत होते तेव्हा मी दारात उभी राहिले, तो गठ्ठा नक्की जातोय ना बघायला. बाकीची एकशे नव्व्याण्णव नंतर. निकषसुद्धा नंतरच.

मावशी : हं.

भाची : आता ‘का’ विचारू नकोस. तुला माहीत आहे का ते. मीही आठवी ब मध्येच होते. तेच पुस्तक घेऊन तुझ्या काउंटरवर आले होते. मावशी आहे म्हणून बिनधास्त आले होते.

मावशी : ‘ठेव ते जागेवर. घरातलं चव्हाट्यावर आणायचं नसतं.’ असं म्हणाले मी.

भाची : मागं सगळा वर्ग रांगेत होता. तोवर कुणाला ठाऊक नव्हतं माझे बाबा पितात ते. तुझ्या त्या एका वाक्यानं सगळ्यांना कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

मावशी : मला वाटलं, ताईची अब्रू राखतेय मी. तुझ्या आईची. झाकली मूठ राहू दे, भावजींचं नाव बाहेर नको... नाही. आता एवढं बोललोच आहोत तर खरं सांगते. ताईचा विचारच नव्हता डोक्यात. माझा मेहुणा दारुडा आहे हे स्टाफरूममध्ये कळलं तर मी कुठं तोंड लपवू, हा होता.

भाची : आज सांगतेस.

मावशी : आज विचारलंस. तू परत काउंटरवर आली नाहीस. पण त्याच आठवड्यात पुस्तक नकाशांच्या मागं सापडलं. तेव्हा सुरू केली मी ती टिंबं. त्यातलं पहिलं तुझं.

भाची : मी तिथं वाचते, हे माहीत होतं तुला?

मावशी : रोज.

भाची : मग हाक का नाही मारलीस? एकदा ‘घे, घरी ने’ म्हणाली असतीस.

मावशी : लाज वाटली. तुझ्यासमोर यायची. टिंब देणं सोपं होतं.

भाची : ...चहा ठेव. नाही, बस तू, मी ठेवते.

मावशी : राहू दे चहा. सहा वाजत आलेत. त्यांचा फोन यायच्या आत तुझा जायला हवा.

भाची : काय सांगू त्यांना? की मीच खोटं बोलले? उद्या शाळेत कुठं तोंड दाखवू?

मावशी : तेच तोंड. दुसरं कुठून आणणार?

भाची : फोन करते. पण वर्गासमोर कबुली नको. मी ‘पुस्तक होतं’ म्हटलं की सगळे विचारणार, कसलं पुस्तक, आणि हिलाच कशाला हवं होतं? तिचं घर उघडं पडेल. तू माझं केलंस तेच मी तिचं करू? त्यापेक्षा तिला एकटीला बोलावून माफी मागते.

मावशी : खोटी पाडलीस वर्गासमोर, आणि खरी कोपऱ्यात नेऊन करणार?

भाची : मग कसं करू, तूच सांग!

मावशी : ते मला कळलं असतं तर टिंबं देत बसले असते का? फोन लाव आधी.

(दुसऱ्या दिवशी, शाळेची लायब्ररी. तास संपून वर्ग बाहेर गेला आहे. काउंटरवर भाची, म्हणजे इथल्या बाई, आणि आठवी ब मधली ती मुलगी.)

मुलगी : बाई, माझा कागद.

बाई : कुठला?

मुलगी : माफीचा. तुम्ही वाचायला दिलाच नाहीत. मोठ्या बाई रागावतील.

बाई : तो फाडला मी. मोठ्या बाईंना सांगितलंय. रागावून झाल्या त्या काल. माझ्यावर.

मुलगी : तुम्ही सगळ्यांसमोर कशाला बोललात, बाई? मी काही मनात धरलं नव्हतं. माझंच चुकलं असेल म्हणून तर लिहिलं होतं.

बाई : तुझं काहीही चुकलं नव्हतं. पुस्तक होतं. मी ते काढून टाकलं आणि वर तुलाच खोटं पाडलं. हे तू उगाच नको सावरून घेऊस. मोठ्या माणसांचं झाकणं हे तुझं काम नाही.

मुलगी : बरं.

बाई : ‘बरं’ म्हणजे?

मुलगी : म्हणजे बरं. बाई, पण ते दुसरं खरं होतं का? तुमचे बाबा प्यायचे, म्हणून तुम्हीपण आठवीत इथंच नकाशांमागं बसून ते वाचायचात, ते? की मला कुणी काही विचारू नये म्हणून तसं म्हणालात?

बाई : दोन्ही.

मुलगी : मागच्या बाकावरचे हसले.

बाई : ऐकलं मी.

मुलगी : तुम्हाला लाज नाही वाटली?

बाई : वाटली की. टेबल धरून उभी होते. अजून कान गरम आहेत. पण सोमवारपासून वाटत होती, तिच्यापेक्षा ही बरी. त्या लाजेनं जेवण जात नव्हतं.

मुलगी : मला त्या पुस्तकात ते आवडायचं. ती पायांच्या आवाजावरून ओळखते ना, आज कसे आलेत ते. मला वाटायचं, ते मलाच येतं फक्त.

बाई : मलाही तसंच वाटायचं.

मुलगी : शेवटी पोचतो का तिचा हात? कडीला?

बाई : माहीत नाही गं. मीही पुरं नाही वाचलं. एकदा नकाशांमागं गेले, तर तिथं दुसरीच एक मुलगी तेच घेऊन बसलेली. मी मागं फिरले आणि परत गेलेच नाही.

मुलगी : कोण होती ती?

बाई : बघितलं नाही. तिनं मला बघू नये म्हणून पळाले ना.

मुलगी : मग कुणालाच माहीत नाही शेवट?

बाई : आहे, माझ्या मावशीला. काल विचारलं तर म्हणाली, ‘रद्दीत घालताना विचारायचं होतंस.’ अशी आहे ती.

मुलगी : बरोबर बोलल्या.

बाई : हो. बरोबर बोलली. ही वही बघ. मागणी वही. शाळेनं कुठलं पुस्तक आणावं असं वाटलं की यात लिहायचं. महिनाअखेर मोठ्या बाई बघतात. यात लिहिलेलं मला शोधावंच लागतं, निदान का मिळालं नाही ते तरी लिहावं लागतं.

मुलगी : ही तर कपाटाच्या वर असायची. मला वाटायचं सरांची-बाईंची असेल.

बाई : आज खाली घेतली. धूळ पुसलीय, लिही.

मुलगी : ‘वरची कडी’. कडी पहिली की दुसरी? दुसरी वेलांटी, हो ना?

बाई : दुसरी.

मुलगी : बाई, इथं नावाचा रकाना आहे. लिहायलाच हवं का?

बाई : माझं लिही.

मुलगी : आणि वर्ग?

बाई : आठवी ब.