पाटीच्या पलीकडचा सिल्व्हँ

...नाही, पण ब्रेक लावला की नाही मी? लावला! जरा उशिरा लावला, एवढंच! त्याची शिक्षा शेहेचाळीस वर्षांनी? अहो, परवा कॅफेत शिरलो, तर काउंटरमागचा तो बातिस्त, ज्याला लहानपणी माझ्या बेकरीत फुकट खाऊ घालून मोठा केला, तो म्हणतो कसा, "या एमीलकाका, आज बरे वेळेवर थांबलात!" आणि सगळं कॅफे फिदीफिदी!

तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या पुस्तिकेमुळे. 'आमच्या प्रांतात जन्मलेली नामवंत माणसं.' अख्ख्या ओव्हेर्न्यमधल्या एकेका गावाचं नाव आणि खाली तिथलं रत्न. कुणाचा बिशप, कुणाचा सेनापती. पलीकडच्या खेड्यात तर एकानं चीज कापायचं यंत्र काढलं होतं म्हणे, तोही नामवंत! आणि आमचं पुईवेर? कोरं! ज्याच्याकडे एकही रत्न नाही त्याचं नावच पुस्तिकेत नाही. सरपंचबाई ओदील टेबल बडवून म्हणाल्या, "कोरं कसं? सायकलच्या शर्यती जिंकणारा सिल्व्हँ बूसारोक आपलाच ना!"

आपलाच! इथंच वाढला, इथल्याच चढावर धापा टाकत मोठा झाला. पण जन्माची नोंद? लासेनाक! त्या लासेनाकची, जिथली माणसं आमच्याकडे बघून अजून नाक मुरडतात!

का? तर अठ्ठ्याहत्तरचा फेब्रुवारी, गुडघाभर बर्फ, अँब्युलन्स अडकलेली. त्याच्या आईला, जीनेतवहिनींना, कळा सुटल्या आणि गावात चालू गाडी एकच. माझी पावाची व्हॅन! घातलं त्यांना मागे, निघालो लासेनाकच्या दवाखान्याकडे. चर्चपाशी ओरडल्या, "एमीलभाऊजी, थांबवा!" मी म्हटलं, "वहिनी, दम धरा, दवाखाना आलाच!" धुण्याच्या घाटापाशी, "थांबवा हो!" मी आपला, "आलाच, आलाच!" मग पुलाजवळ अशी किंकाळी फोडली, की मी ब्रेक लावला. लावला ना? पण बर्फात गाडी घसरते, हा काय माझा गुन्हा? आमच्या गावाची ती शेवटची पाटी असते बघा, नावावर लाल काट मारलेली, बरोब्बर तिच्यापाशी घसरत जाऊन थांबली. पुढची चाकं लासेनाकात, मागची पुईवेरमध्ये... आणि मध्ये ट्यँहँ!

सरपंचबाईंचे डोळे लकाकले. "म्हणजे पोर गाडीच्या कुठल्या टोकाला झालं, यावर सगळं आहे! मागच्या टोकाला झालं असेल तर आपलं! कोर्टात जाऊ, नोंद बदलून घेऊ!"

झालं! रविवारी सकाळी अख्खं गाव पाटीपाशी. माझी जुनी व्हॅन कोंबड्यांच्या खुराड्यातून ओढून आणलेली, सुतार टेप घेऊन हजर, आणि बहात्तर वर्षांच्या जीनेतवहिनी आत गादीवर आडव्या, हातात पर्स! सरपंचबाई म्हणतात, "डोकं ड्रायव्हरकडे, पाय मागच्या दाराकडे, असंच ना? म्हणजे पोर इथं... पुईवेरमध्ये! दीड हात आत!" टाळ्या! मला कुणीतरी मिठीसुद्धा मारली हो! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, सुटलो बाबा.

आणि वहिनी उठून बसल्या. "छे गं ओदील! पाय पुढे होते माझे. मागे याचे प्लमचे टार्ट रचलेले ना! मी तिकडे पाय करायला गेले, तर हा खेकसला, 'वहिनी, लाथ लागेल, टार्ट चेपतील!'"

दोनशे डोळे माझ्यावर. माझी बायको सोलांज, माझी स्वतःची बायको, चार पावलं लांब सरकली! अहो, बाविसाव्या वर्षापासून बेकर आहे मी, टार्ट चेपू देईन? आणि ब्रेक लावला की नाही? लावला! जरा उशिरा...

मी म्हटलं, जाऊ दे, दुसरं कुणीतरी शोधू. गावात आणखी जन्मलंय कोण? काढलं नोंदींचं पुस्तक. तर काय! बातिस्त? लासेनाकच्या दवाखान्यात! सुतार? लासेनाक! खुद्द सरपंचबाई? लासेनाक! उरलेले म्हातारे सगळे लग्न करून नाहीतर नोकरीनिमित्त आलेले. पुईवेरमध्ये जन्मलेला जिवंत माणूस अख्ख्या जगात एकच निघाला. एकोणपन्नास सालचा, बेकरीच्या वरच्या खोलीत जन्मलेला... मी!

सरपंचबाईंनी कपाळावर हात मारला. पण गाव कोरं राहून कसं चालेल? दिला माझ्याच नावाचा फॉर्म भरून. काल पुस्तिकेची नवी आवृत्ती आली. रंगीत, गुळगुळीत. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर बिशपाशेजारी माझा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत छापलंय: 'एमील देल्पीरू, जन्म पुईवेर. थोर सायकलपटू बूसारोक यांना जन्मासाठी वेळेवर लासेनाकला पोहोचवणारे.'